अजून सही झालेली नाही

हाक ऐकू आली आणि लुओ युआनफू वळला नाही. एवढंच झालं. पेकिंगमध्ये चौथ्या महिन्याची वीस तारीख होती. सकाळीच चटका देणारं ऊन, खात्याच्या फाटकासमोर हातरिक्षांची गर्दी, शेजारी इंग्रज बँकेचा प्रतिनिधी थॉर्नबी हॅटनं वारा घेत चाललेला, आणि मागून कुणीतरी भर रस्त्यात ओरडलं, "गौवा! अरे ए गौवा!" गौवा म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून यमाच्या दूतांनी फसावं, हे माणसाचं मूल नव्हे असं त्यांना वाटावं, यासाठी आईनं तिसऱ्याला ठेवलेलं नाव. ते माहीत असलेली माणसं मुळात थोडी, आणि आता तर फक्त मामा-मामी. मामा असणार महिनाभराच्या वाटेवर, सिचुआनात, बाययेन गावी, मिठाच्या विहिरींच्या धुरात. तो इथे कसा असेल, असं युआनफूच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं, की तोच आहे. थॉर्नबी विचारत होता, यंदा उन्हाळा लवकर आला, नाही? युआनफू म्हणाला, हो, लवकरच आला. मानेचा मागचा भाग, टोपी आणि अंगरख्याच्या मधला, एखाद्यानं तिथे हात ठेवावा तसा गरम झाला होता. मागे पहारेकरी खेकसला, "ए म्हाताऱ्या, हट मागे! हा काय भाजीबाजार वाटला का?" मग फाटक आलं, मग पायऱ्या, मग लांब व्हरांड्यातला गारवा. तो आत गेला.

आत तेच टेबल, तोच नकाशा. वर्षभर तो त्या टेबलाच्या लांब बाजूला, बरोबर मधोमध बसत आला होता. डाव्या हाताला खात्यातले साहेब लोक, उजव्या हाताला चार देशांच्या बँकांची माणसं: इंग्रज, फ्रेंच, जर्मन आणि सगळ्यांत शेवटी आलेला अमेरिकन. त्यानं इकडचं तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे. हानखौपासून नदीच्या उगमाकडे, यीछांगवरून, डोंगर फोडत सिचुआनात जाणारी रेल्वे. आधी ती तिघांची होती. मग अमेरिकेला पंगतीत पान हवं झालं, त्यासाठी वरून तारा आल्या, वकिलाती हलल्या, आणि पान मांडल्यावर कुणाच्या पानात काय वाढायचं याचा वाद सुरू झाला. जर्मनांना इंजिनिअर आपले हवेत, तर इंग्रजांना त्या बदल्यात दुसरीकडचा तुकडा हवा. रूळ कुणाकडून घ्यायचे, पूल कुणी बांधायचे, हिशेब कुणी तपासायचा. एकदा चारशे ली, म्हणजे साठ-पासष्ट कोस लांबीच्या एका तुकड्यावरून सात आठवडे बोलणं अडलं होतं. ही माणसं दुष्ट नव्हती. थॉर्नबीला दम्याचा त्रास होता. जर्मन आपल्या मुलींची छायाचित्रं खिशात बाळगायचा. अमेरिकन तर पोरसवदा; त्याला चिनी शिकायची होती आणि तो युआनफूला 'गुरुजी' म्हणायचा. आज फक्त मजकूर शेवटचा वाचायचा होता, ओळीशी ओळ ताडून. सही परवा, बावीस तारखेला. बातमी फुटू द्यायची नाही अशी सगळ्यांना ताकीद होती, आणि दुभाष्यांना ती वेगळं बोलावून दिली होती. कलम नववं वाचताना युआनफूची जीभ एका शब्दावर अडखळली. साहेबांनी वर पाहिलं. "बरं नाही का वाटत?" त्यानं पाणी मागवलं.

मामानं त्याला पाठीवरून शाळेत नेलं होतं. नदीपलीकडे पाद्र्यांची शाळा होती, वाट उताराच्या पाण्यातून, आणि पोर आठ वर्षांचं असलं तरी काडी होतं. मामा गावच्या देवळात मुलांना शिकवायचा, म्हणून गाव त्याला मास्तर म्हणायचं. शास्त्रांचं पाठांतर, हस्ताक्षर, जमलं तर थोडं गणित. परदेशी विद्येला गावात शिव्या घालायचे, तेव्हा मामा म्हणायचा, "शिव्या घालायच्या तरी भाषा यायला नको का?" संध्याकाळी पोर परत आलं की तो त्याच्याकडून ती अक्षरं शिकायचा. मोठ्या माणसानं मांडी घालून भाच्यासमोर बसायचं, राखेत बोटानं अक्षर काढायचं, चुकलं की स्वतःच्याच कानाला धरायचं. तो कधी पाचव्या अक्षरापुढे गेला नाही. पाचवं अक्षर त्याला हरणाच्या शिंगासारखं वाटायचं आणि तिथे त्याला हसू यायचं. मग युआनफू छंगदूला गेला, तिथून पेकिंगला, आणि अकरा वर्षांत घरी एकदाच गेला, आईच्या मरणाला, तेही तेरा दिवस उशिरा. मामाची पत्रं येत. गेल्या सहा वर्षांत पत्रांत एकच विषय होता. रेल्वे. आपली रेल्वे. परक्यांच्या पैशांशिवाय, सिचुआनकरांनी स्वतः बांधायची. प्रत्येक शेताच्या खंडातून शंभरातले तीन भाग धान्य रेल्वेला. कोणी द्यायला तयार नव्हतं. मामा घरोघर फिरला. ज्या विधवेचं एका वाफ्याचं शेत, तिच्याही उंबऱ्यावर बसला. लोक जे देत होते ते रेल्वेला नव्हे, मामाच्या शब्दाला देत होते, हे युआनफूला पत्रं वाचतानाच कळत होतं. आणि वाचून झालं की तो पत्र घडी करून ठेवून देत असे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच रेल्वेवरून टेबलाशी बसायचं असे. आता बादशहाच्या हुकमानं ती रेल्वे सरकारजमा झाली होती, आणि सरकारनं ती बांधायला चौघांचं कर्ज घ्यायचं ठरवलं होतं. बाययेनच्या लोकांच्या हातात दिलेल्या धान्याच्या पावत्यांचे नुसते कागद राहणार होते.

संध्याकाळी तो दक्षिण शहरातल्या सिचुआनकरांच्या धर्मशाळेत गेला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडली, टोपी काढून हातात धरली, पुन्हा घातली. अंगणात पंधरा-वीस माणसं बसली होती आणि सगळ्यांच्या बोलण्यात गावाकडचा हेल होता, शब्दाच्या शेवटी चढणारा. मामा नळाखाली पाय धूत होता. गवती जोडा शेजारी ठेवलेला. वेणी पांढरी झाली होती, उंदराच्या शेपटीएवढी उरली होती. त्यानं मान वर केली आणि तोंडभर हसला.

"आलास! मला वाटलंच होतं, शोधून काढशील."

"मामा, सकाळी—"

"सकाळी काय झालं ऐक. तुमच्या खात्यापुढे उभा होतो, तर एक साहेब गेला गोऱ्याबरोबर. मागून हुबेहूब तुझी मान! मी मूर्खासारखी हाक मारली. पहारेकऱ्यानं असा ढोसला म्हणतोस! नशीब, तो साहेब वळला नाही. वळला असता तर काय म्हणालो असतो, की बाबा, माझ्या भाच्याची मान तुझ्यापाशी आहे?"

सगळं अंगण हसलं. मामाही हसला, आणि हसताना युआनफूकडे न बघता ओला पाय पंच्यानं कोरडा करत राहिला, बोटांच्या फटींतून, एकेक करून. युआनफूलाही हसावं लागलं. तो पुढे पुष्कळदा विचार करायचा, की मामानं तेव्हा शिव्या दिल्या असत्या तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं का. शिव्या खाल्लेला माणूस निदान खरं बोलतो. माफ केलेल्या माणसाला आपली अब्रू आणखी जपावीशी वाटते.

मामानं जेवायला बसवलं. बरोबर आणलेली मिरचीची चटणी, भिजवलेला मुळा, वर पेकिंगच्या कडक पोळ्या. "या शहरात मिरची मेली का रे? तीन दिवस झाले, जिभेला वाटतंय सुतक आहे." मग चटणीची बरणी बाजूला सारून त्यानं कापडी पिशवी उघडली. बाययेन आणि भोवतालच्या गावांचा अर्ज. शेवटच्या चार पानांवर नुसते अंगठे, लाल शाईतले. मामा एकेका ठशावर बोट ठेवून माणूस सांगत गेला. हा विहिरीवर रेडे हाकणारा वेई. हा बांबूचे नळ जोडणारा लंगडा. ही जोंग वहिनी. तिचा ठसा अर्धाच उठला, कारण अंगठा खारात भाजलाय. "उद्यापासून आम्ही फाटकाशी गुडघे टेकून बसणार. पण त्याआधी तुला एक विचारायचंय. एकच. तू आत बसतोस." आवाज खाली आला. "सही झाली का? झाली असेल तर इथे बसून गुडघे झिजवण्यात अर्थ नाही. मी परत जातो, लोकांना खरं ते सांगतो, मग पुढचं बघू. झाली नसेल तर बसतो. हो किंवा नाही म्हण. बाकी मला काही नको."

युआनफूनं पोळीचा तुकडा मोडला. दुभाष्याचं डोकं असतं, त्यात शब्द वजनाकाट्यावर मांडलेले असतात. सही झाली का? आज वीस. सही बावीसला. त्याच्यापुढे खात्याचा व्हरांडा आला, वेगळं बोलावून दिलेली ताकीद आली, घर आलं, बायको वान्रू आणि दीड वर्षांची पोर आली, आणि त्या सगळ्यांच्या आधी, हे त्यानं पुढे स्वतःशी कबूल केलं, त्याला फक्त एवढं वाटलं होतं, की हा पाय धुताना हसणारा माणूस आत्ता, या क्षणी, माझ्या तोंडून उदास होऊ नये.

"अजून सही झालेली नाही," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. कुठल्याही कोर्टात टिकलं असतं. मामानं मांडीवर थाप मारली, बरणी पुन्हा ओढली आणि म्हणाला, "खा. वाळलायस."

पुढचे दिवस फाटकाशी माणसं बसलेली असत आणि युआनफू मागच्या दारानं आत जाई. बावीस तारखेला सही झाली. शँपेन आली, ती उन्हानं कोमट झाली होती. थॉर्नबीनं हात हातात घेऊन सांगितलं, तुमच्याशिवाय हे झालं नसतं. तेवीस तारखेला, धर्मशाळेतल्या लोकांकडून थोडं थोडं जमवून, मामानं गावी तार केली. तारेत शब्दाला पैसे पडतात म्हणून चारच गोष्टी: आतल्या खात्रीच्या माणसाकडून कळलं, सही नाही, धीर धरा, हात उचलू नका. हे युआनफूला महिन्यानं कळलं. करार वर्तमानपत्रांत छापून आला, छंगदूला सभा झाल्या, गावोगाव संघ उभे राहिले, आणि बाययेनच्या लोकांनी दोन कागद शेजारी ठेवून तारखा पाहिल्या. सही बावीसची. मास्तरची 'सही नाही' तेवीसची. मामीनं शेजाऱ्याकडून पत्र लिहवून पाठवलं. दाराला मैला फासला. जोंग वहिनीनं अंगणात येऊन हंबरडा फोडला, की मास्तरला पेकिंगमध्ये विकत घेतला. ते पत्र घेऊन मामा उन्हाळ्याच्या ऐन भरात युआनफूच्या घरी आला.

तो प्रथमच त्या घरी आला होता. वान्रू तिएनजिनची, तिला त्याचं बोलणं अर्धं समजत नव्हतं, पण तिनं नुसत्या अंदाजानं जेवणात तिखट घातलं होतं, इतकं की पोर ठसकलं. मामानं पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत आपली वेणी दिली, "ओढ, घंटा वाजते," म्हणाला आणि प्रत्येक ओढीला घंटेसारखा आवाज काढला. जेवणं झाली. पत्र त्यानं काढलं, वाचून दाखवलं, घडी घातली. युआनफू वाट बघत होता. आता विचारेल. वीस तारखेला तुला माहीत होतं का? या प्रश्नाची तीन-चार उत्तरं त्यानं तयार ठेवली होती. मामानं तोंड उघडलं.

"गोऱ्यांच्या भाषेतला करार तुझ्यापाशी आहे?"

"नक्कल आहे."

"वाच. एकेक ओळ. आधी त्यांची, मग आपली. घरी जाऊन मला सांगायचंय लोकांना, की काय काय लिहिलंय."

दुपारभर तो वाचत होता. झाडावर किडे किरकिरत होते; खिडकीचा कागद उन्हानं पिवळा पडला होता. मामा मांडी घालून, पाठ ताठ करून ऐकत होता, पूर्वी राखेसमोर बसायचा तसाच. मध्येच हात वर करायचा. थांब. पुन्हा. पंचवीस कलमं. व्याज, मुदत, तारण म्हणून मिठावरचा कर. इथे तो खुदकन हसला, "म्हणजे मीठही आमचंच!" यीछांगपर्यंत जर्मन इंजिनिअर, पुढे डोंगरात अमेरिकन. संपलं तेव्हा त्यानं विचारलं,

"यात आमचं नाव कुठे आलं?"

"कुणाचं?"

"आमचं. ज्यांनी सहा वर्षं धान्य घातलं."

"नाही आलं, मामा."

"मग बोलण्यात आलं असेल. वर्षभर बोलत होता ना? तिथले लोक कसे आहेत, काय खातात, हे कुणी विचारलं असेल की."

युआनफूनं खरोखर आठवून पाहिलं. एकेक बैठक, एकेक कागद. त्याला मामाला काहीतरी द्यायचं होतं. "एकदा अमेरिकन माणसानं विचारलं होतं," तो म्हणाला, "तिकडचा खडक किती टणक आहे."

मामा मान डोलवत, कौतुक केल्यासारखा म्हणाला, "टणक आहे. बरोबर विचारलं त्यानं. टणकच आहे." आणि उठला. मुख्य प्रश्न आलाच नाही. तो गेल्यावर वान्रू भांडी उचलत म्हणाली, "अहो, तुमचे मामा इतके बोलले, हसले, पण जेवताना एकदाही तुमच्याकडे बघितलं नाही त्यांनी. माझ्याकडे बघून जेवले सगळं." युआनफू म्हणाला, "त्यांना दिसत नाही हल्ली नीट." वान्रूनं पोरीचं तोंड पुसलं.

स्टेशनवर पोचवायला तो गेला होता, हानखौच्या गाडीवर. तीही गाडी परक्यांच्याच कर्जावर बांधलेली. मामा तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यात, गाठोड्यावर बसला. शिटी झाली तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला आणि त्यानं ते लपवायचा प्रयत्न केला. "काय आहे, पळतेय छान," तो ओशाळून म्हणाला. "येताना रात्रभर झोपलो नाही मी. खिडकीशी बसून नुसते खांब मोजले. कुणाला सांगू नकोस." गाडी हलली. युआनफू चार पावलं बरोबर चालला. हे चालणं किती सोपं आहे, असं त्याला वाटलं, आणि लाज वाटली. वीस तारखेची गोष्ट बोलायला अजून तीन-चार डब्यांएवढा वेळ होता. मग तोही गेला.

सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, पितरांना जेवू घालतात त्या दिवशी, छंगदूला सुभेदाराच्या कचेरीपुढे लोक जमले. रेल्वेसाठी उभ्या राहिलेल्या संघांच्या पुढाऱ्यांना आत डांबलं होतं. त्यांना सोडा म्हणायला, डोक्यावर, ज्यानं रेल्वे लोकांच्या हाती दिली होती त्या दिवंगत बादशहाच्या नावाच्या पाट्या आणि हातात उदबत्त्या घेऊन. सैनिकांनी गोळ्या घातल्या. पेकिंगमध्ये त्याची पहिली खबर एका परदेशी वकिलातीच्या टिपणातून आली, आणि ते टिपण भाषांतराला युआनफूकडे आलं. तीस-चाळीस मृत. पाऊस. परदेशी नागरिक सुखरूप. त्यानं 'लोक' असा शब्द लिहिला. वरच्या साहेबांनी तो खोडून 'दंगेखोर' केला आणि कागद पुन्हा स्वच्छ लिहायला परत पाठवला. त्यानं लिहिला. अक्षर चांगलं आलं. ते लिहिताना त्याला काहीही जाणवलं नव्हतं, ना छातीत कळ, ना डोळ्यापुढे अंधारी, आणि पुढे त्याला सगळ्यांत जास्त याचंच नवल वाटत राहिलं. पुढच्या महिन्यात वुछांगला सैन्य उलटलं, प्रांतामागून प्रांत फिरले, हिवाळ्यात बादशाही गेली. लोकांनी बादशाहीनं सक्तीनं ठेवायला लावलेल्या वेण्या कापल्या. त्यानंही कापली, मान उघडी पडली, गार वारा लागू लागला. त्या धामधुमीत गावाकडचं पत्र चार महिन्यांनी पोचलं. शेजाऱ्याचं अक्षर. मास्तर छंगदूला पंधरा तारखेला पडले. दोन दिवस जगले. ओळ संपली आणि पुढे भाताचे भाव लिहिले होते.

युआनफू गावी गेला दीड वर्षानं, वसंतात. रजा मिळत नव्हती असं तो म्हणायचा. यीछांगपासून वर, डोंगराच्या कुशीत, रेल्वेसाठी खोदलेल्या खाचा दिसत होत्या. त्यांत गवत उगवलं होतं आणि एका ठिकाणी कुणीतरी वाटाणा पेरला होता. नावाड्यानं विचारलं, "साहेब, येणार का हो ती?" थॉर्नबी पेकिंगला परत आलेला होता, नव्या सरकारशी नव्या कर्जाचं बोलायला, दम्याची नवी दवा घेऊन. युआनफू म्हणाला, मला माहीत नाही.

बाययेनला मामी दारात टोपलीभर शेंगा सोलत बसली होती. तिनं त्याला ओळखलं, पण उठली नाही; पाटाकडे बोट दाखवलं. तो बसला. पाणी झालं, वान्रूची, पोरीची विचारपूस झाली. मग तो सांगायला लागला. वीस तारखेपासून. धर्मशाळा, पोळी, चटणी, काय विचारलं, काय सांगितलं. सांगता सांगता तो तीही वाक्यं बोलला जी त्यानं स्वतःसाठी जपून ठेवली होती, की शब्दशः ते खोटं नव्हतं. मामीचे हात थांबले नाहीत.

"माहिताय मला," ती म्हणाली. "आले त्याच दिवशी सांगितलं ह्यांनी. पाय धूत होते. म्हणाले, पोरगं सांगताना पोळीकडे बघत होतं, तेव्हाच कळलं मला, काहीतरी आहे. मग म्हणाले, चूक माझी. जे विचारायला नको ते मी विचारलं. त्यानं सांगितलं असतं आणि फुटलं असतं, तर त्याची मान गेली असती."

"मग तार? कळलं होतं तर तार का केली?"

"मीही हेच विचारलं. म्हणाले, काहीतरी आहे एवढं कळलं, काय ते नाही कळलं. आणि मग म्हणाले, गौवाच्या शब्दावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणाच्या ठेवायचा?" मामीनं शेंगेची साल दूर फेकली. "देवळात तीन दिवस बसवलं होतं ह्यांना. सगळा गाव. कोण तो खात्रीचा माणूस, नाव सांग. तुझं नाव घेतलं असतं ना, तर तुझ्या आईच्या थडग्याचा दगड राहिला नसता. हे म्हणाले, धर्मशाळेबाहेर चहा विकणारा होता, त्यानं सांगितलं. लोक हसले. म्हणाले, मास्तर, सहा वर्षं आम्ही तुझं ऐकलं, आणि तू एका चहावाल्याचं ऐकलंस? मग ह्यांनी तो करार सांगितला, कलमाला कलम. तो ऐकून लोक जरा निवळले. पण छंगदूला निघाले तेव्हा म्हणाले, मास्तरनं सगळ्यांच्या पुढे चालायचं. पाटी घेऊन."

अंगणात कोंबडी टरफलं उकरत होती. युआनफू म्हणाला, "मामी, उद्या देवळात जेवण ठेवलंय त्यांनी माझ्यासाठी. फानसाहेबांनी बोलावणं केलंय. मी तिथे उभं राहून सांगणार आहे. सगळ्यांसमोर. तो चहावाला मीच."

तेव्हा मामीचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो आल्यापासून प्रथमच तिच्या चेहऱ्यावर राग होता.

"अजिबात नाही. तुला बरं वाटेल, म्हणून? हा माणूस जन्मात एकच खोटं बोलला आणि ते त्यानं मरेपर्यंत टिकवलं. ते तू मोडणार? ते तुझं नाहीये मोडायला. गप जा, गप जेव, आणि गप ये."

दुसऱ्या दिवशी देवळात पंगत बसली. देऊळ आता शाळा झालं होतं; भिंतीवर नव्या प्रजासत्ताकाचा पंचरंगी झेंडा आणि खाली मुलांच्या पाट्या. फान विहिरींचे मालक, पिकल्या मिशांचे, त्यांनी युआनफूला हाताला धरून मुख्य जागेवर बसवलं. गावचा मुलगा, राजधानीत मोठ्या हुद्द्यावर. लंगड्या नळजोड्यानं त्याला वाकून नमस्कार केला. बायकांच्या बाजूला एक म्हातारी होती, उजव्या हाताचा अंगठा काळवंडलेला. ती त्याच्याकडे कौतुकानं बघत होती. फानसाहेबांनी प्याला उचलला. "आपले मास्तर," ते म्हणाले, "भोळा माणूस. कुण्या चहावाल्यानं फसवला. पण मेला मर्दासारखा. आज असते तर भाच्याला बघून छाती फुगली असती." सगळ्यांनी प्याले रिते केले. युआनफूनं मान खाली घातली, आणि ते बघून दोघा-तिघांचे डोळे ओले झाले. मग मोठ्या ताटात नदीचा मासा आला, लाल तिखटात बुडालेला. फानसाहेबांनी आपल्या काड्यांनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून त्याच्या वाडग्यात ठेवला आणि हात मागे घेतला. पाहुण्यानं सुरुवात केल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं. सगळं देऊळ त्याच्याकडे बघत थांबलं होतं. त्यानं तो तुकडा उचलला, तोंडात घातला, चावला, गिळला.

"छान झालाय," तो म्हणाला.

तेव्हा सगळे जेवायला लागले.